तिपेडी वेणी

‘सकाळचे फोटो तू काढायचेस. हॉलवर ते व्हिडिओवाले आहेत, ड्रोन आहे, सगळा तमाशा आहे. पण घरातली तयारी तू,’ असं हेमाली फोनवर म्हणाली आणि तेजस्वीच्या हातातला कागदी कप दाबला जाऊन चहा मनगटावर आला. बेलापूरच्या विमा कंपनीच्या ऑफिसात, पाण्याच्या मशीनपाशी, दुपारी. चटका बसला तो चहाचा की त्या वाक्याचा, हे तिला धड कळलं नाही. कॅमेरा घेऊन झालं होतं किती? दिवाळीत घेतलेला, तोही कुणीतरी वापरलेला. आजवर त्यातून तिनं काढलं होतं काय, तर खाडीतले बगळे, जेट्टीवरच्या दोऱ्या आणि बाल्कनीतली कुंडी. यातलं कुणी कधी तक्रार करत नाही, कुणाचा मुहूर्त टळत नाही. आणि ही बया म्हणतेय, लग्नाच्या दिवशीचे फोटो काढ! ‘अगं वेडी की काय तू,’ ती म्हणाली खरी, पण म्हणतानाच तिला कळलं की आपण हसतोय, मशीनच्या चकचकीत पत्र्यात आपले दात दिसताहेत. ‘आणि ऐक,’ हेमालीचा आवाज जरा खाली आला, ‘बाकी कसेही येऊ देत. पण एक फोटो मला पाहिजेच. माझा आणि बाबांचा. बाबा बाबांसारखे दिसतील असा. माझ्याकडे तसा एकही नाही गं.’ तेजस्वीला माहीत होतं. हिरामणकाका कॅमेऱ्यासमोर आले की त्यांचे खांदे कानाला लागत, हात मांड्यांना चिकटत आणि चेहऱ्यावर आधार कार्डावरचा माणूस येऊन बसे. बारशापासून पदवीपर्यंत, हेमालीच्या प्रत्येक फोटोत तिच्या शेजारी तो आधार कार्डवाला उभा होता. खरे काका त्या वेळी कुठे जात असत कोण जाणे.

त्यानंतरचे दोन महिने तेजस्वी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल डब्याला टेकवून ठेवायची आणि भाजीपोळी खात जगभरच्या शहाण्यांचे सल्ले ऐकायची. बॅटऱ्या रात्री चार्ज करा. कार्ड रिकामं करा, वर एक जास्तीचं ठेवा. लवकर पोचा. खिडकी शोधा, नवरीला खिडकीपाशी बसवा, फ्लॅश विसरा. आधी निर्जीव वस्तू काढा, साडी, चुडा, चपला, म्हणजे हात गरम होतो. ‘हसा’ म्हणू नका. कोपऱ्यात उभ्या राहा, लोक तुम्हाला विसरले की तुमचं काम सुरू होतं. दर फोटोनंतर खाली मान घालून पडद्याकडे बघू नका, तेवढ्यात खरं काहीतरी होऊन जातं. हे शेवटचं तिला फार आवडलं होतं. खरं काहीतरी होऊन जातं! ऑफिसात फाइल उघडता उघडता तिला वाटायचं, आपलं आजवरचं सगळं असंच तर गेलं, खाली मान घालून. शाळा गेली, अलिबागचं कॉलेज गेलं, हेमाली माणगावच्या राहुलच्या प्रेमात पडली तेही आपल्याला ती स्वतः सांगेपर्यंत दिसलं नाही. आणि आता ती जाणार. वाटायचं आणि आतून एक उकळी वर यायची, की बघू, या वेळी बघू. आदल्या संध्याकाळी पेणच्या पुढं एसटीच्या खिडकीतून खारट वास आत आला तेव्हा मांडीवरच्या बॅगेत कॅमेरा जिवंत असल्यागत तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. झोप कसली येतेय!

आणि सकाळी नागावच्या त्या घरात पाऊल टाकलं, तर सगळं घर गुलाबी. मांडववाल्यानं हौसेनं अंगणापासून दोन्ही बाजूंच्या खिडक्यांपर्यंत गुलाबी कापड ताणलं होतं, आणि त्यातून गाळून येणारा उजेड सगळ्यांच्या तोंडावर सांडला होता. पाहुण्या गुलाबी, भिंती गुलाबी, टोपातला भात गुलाबी, हेमालीची आई तुळशीकाकी तर सरबताच्या बाटलीतून बाहेर आल्यासारखी. तेजस्वीनं पहिला फोटो काढला, नियम मोडून पडद्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडून ‘अगं आई गं’ निघालं. खिडकी शोधा म्हणे! खिडक्या चार होत्या आणि चारही वाया गेलेल्या. पण गंमत अशी, की ती घाबरली नाही. आतल्या खोलीत पाटावर हेमाली बसली होती, अंगावर पिवळी साडी, केस नुकतेच धुतलेले, ओले, पाठीवर पसरून थेट पाटाखाली फरशीला टेकलेले. आणि त्या गुलाबी अंधारात तिनं मान वर करून तेजस्वीकडे पाहिलं नि जीभ बाहेर काढली. खटक! तोच घेतला तेजस्वीनं. मग चुडा, हिरवा, काचेवर गुलाबी ठिपका. साडीची घडी. मुंडावळ्या. एका पाहुणीच्या कडेवरलं बाळ, तोंडात स्वतःचा अख्खा हात घातलेलं. अलिबागहून आलेली ब्युटीशियन जागृती भुवया उंचावून क्लिपा मांडत होती त्या क्लिपा. हात गरम होत होता, बाई, खरंच गरम होत होता! कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावला की गोंगाट एकदम लांब जायचा आणि माणसं एकेकटी व्हायची, प्रत्येकजण आपापल्या चौकटीत, आणि तिला वाटायचं ही सगळी आपलीच आहेत, आपण बघतोय म्हणून आहेत. हे वाटणं चांगलं की वाईट, याचा विचार करायला मात्र आत्ता सवड नव्हती.

नडलं ते हेच. ठमाबाई धवलारीण हेमालीच्या समोर बसली होती, लग्नाचे धवले गाणारी, आगरी लग्नात जिच्या शब्दाशिवाय पान हलत नाही ती. दुपारी हॉलवर भटजी मंत्र म्हणणार होते, माइक लावून. पण घरातलं सगळं हिच्या तोंडून. आवाज चिरका झालेला, तरी गळ्यात अजून जोर. हळकुंड बांधलेला पिवळा धागा तिनं तांदळावरून उचलला, धवला म्हणत हेमालीच्या मनगटाभोवती फिरवला, पाचजणींचे हात त्या धाग्याला लागले, आणि तेजस्वी गुडघ्यावर बसून, श्वास रोखून, बोटं, धागा, बोटं, धागा असं बघत असताना समोरून कुणाचा तरी पदर आला. पदर गेला तेव्हा गाठ बसली होती. सगळा उत्साह तिच्या तोंडात आला आणि डोकं मागं राहिलं. ‘आजी,’ ती म्हणाली, ‘जरा सोडून परत बांधता? फोटो हुकला.’

धवला तुटला. मागं भांड्यावर पडणारं पाणी एकदम ऐकू आलं. पाचही जणींचे हात जागच्या जागी राहिले. तुळशीकाकीनं तोंडावर पदर धरला. तेजस्वी आगऱ्यांत वाढलेली, शेजारच्याच आळीतली; नवरीचं काकण एकदा बांधलं की लग्न लागून सासरी गेल्यावरच सुटतं, मध्ये सुटणं म्हणजे अपशकुन, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण ते सगळं तिला एका क्षणानंतर आठवलं. ‘काय बोल्लीस?’ ठमाबाई म्हणाली. ‘सोडू? काकण सोडू? तुज्या त्या डब्यासाठी पोरीचं लगीन दोनदा लावू?’ ‘आजी, चुकून—’ ‘उठ. भाईर हो. डोल्याला डबा लावलास नं डोलं गेलं तुजं.’ हेमाली म्हणाली, ‘आजी, असू दे ना,’ पण तिचाही आवाज पातळ झाला होता, आणि तिचा दुसरा हात आपसूक त्या गाठीवर गेला होता, झाकल्यासारखा. ते तेजस्वीनं पाहिलं. कॅमेऱ्याशिवाय पाहिलं. तोंडात कुणी मारली असती तरी बरं झालं असतं.

ती मागच्या दारानं बाहेर पडली. मागची पडवी, मोरी, त्यापलीकडे नारळ आणि विहीर. मोरीच्या दगडावर बसून ती रडणार होती, त्याची पूर्ण तयारी झाली होती, नाक भरून आलं होतं. पण नजर हातावर गेली आणि ती थबकली. हात गव्हाळ होता. तिचा नेहमीचा, साधा, गव्हाळ हात. तिनं तो उलटा केला, सुलटा केला. इथं मांडवाचं कापड नव्हतं! मागच्या दाराशी उजेड पांढरा होता, विहिरीकडून येणारा, मऊ, पडवीतून सरळ खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला. काय म्हणावं या मेलीला, नुकतीच हाकलून दिलेली, लाजेनं कान तापलेले, आणि हिला उजेड दिसतोय! तिला स्वतःचा राग आला आणि त्याच वेळी पुन्हा ती उकळी, थांबता थांबेना. असा उजेड आहे आणि त्यात कुणीच नाही.

कुणीच नाही असं नव्हतं. पडवीच्या टोकाला, पोत्यांच्या आडोशाला हिरामणकाका बसले होते. अंगात लग्नाचा नवा सदरा, त्यावर जुनी लुंगी, आणि पुढ्यात पांढऱ्या कांद्यांचा ढीग. वाळलेल्या पातीचे तीन पेड करून, एकेक कांदा आत घेत, ते माळ विणत होते. बोटं इतकी झरझर, की डोळा ठरेना. ‘काका? आज? मांडवात माणसं आलीत आणि तुम्ही कांदे विणताय?’ ते दचकले, मग ओशाळं हसले. ‘माणगाववाल्यांना द्यायच्या. आपला कांदा कुटं मिलतो त्यांना.’ मग जरा वेळानं, खाली बघत, ‘हात रिकामे ऱ्हात न्हायत गो. मांडवात गेलो तं तो केटरिंगवाला म्हनतो, काका, बसा. आत गेलो तं बाया म्हनतात, तुमचं काय काम. मग म्हटलं हितं बसू.’ तेजस्वीचा हात कॅमेऱ्याकडे गेला. नुसता गेला. काकांचे खांदे कानापर्यंत चढले, हात मांड्यांना चिकटले, आणि आधार कार्डवाला हजर. तिनं हात मागं घेतला. ‘नाही काढत. करा तुम्ही.’ हळूहळू खांदे उतरले, बोटं परत पातीत शिरली. आणि त्या बोटांकडे बघता बघता तेजस्वीला शाळेची सकाळ आठवली, अशी एकदम, वासासकट. हेमालीच्या दारात दप्तर घेऊन आपण उभ्या, आणि आत काका तिची वेणी घालताहेत. तुळशीकाकी पहाटेच भाजीची टोपली घेऊन रेवसच्या लाँचनं मुंबईला गेलेली असायची; बाजार सकाळीच, त्याला इलाज नव्हता. काका रात्रभर ट्रक चालवून आलेले, डोळे लाल, आणि त्यांना येत होतं ते एकच विणणं. हेमालीची वेणी म्हणजे अगदी कांद्याची माळ असायची, घट्ट, टणक, खेचली तर ती पुरती मागं यायची. वर्गातल्या पोरी तिला ‘कांदेवाली’ म्हणायच्या. ती भांडायची, बोचकारायची, घरी जाऊन मात्र कधी सांगायची नाही. आणि पाचवीपासून दहावीपर्यंत त्या वेणीतला एक केस कधी शाळेत सुटला नाही.

‘केस कोन बांधतंय तिचे?’ काकांनी विचारलं. माळेकडेच बघत.

‘ती जागृती आलीये ना अलिबागहून. अंबाडा घालणारेय.’

‘चांगली घालते?’

‘एकदम भारी.’

‘हां. मग बरं.’ एक कांदा आत गेला, एक पेड वर आला. ‘केस जाड हायत तिचे. धुतल्यावर लय सुटतात. तिला सांग, केसाच्या मुलाशी घट्ट धरावं लागतं. दुखतंय बोलंल, ऐकू नको म्हनावं.’ आणि मग इतक्या हळू, की तेजस्वीला वाटलं ते कांद्यांशी बोलताहेत, ‘आता तिकडं काय, तिची ती घालंल.’

तेजस्वी उठली. तिच्या अंगात काय आलं कोण जाणे. कान अजून गरम होते, पण पाय आपोआप दाराकडे निघाले. हाच तो फोटो, हाच, आणि तो मिळाला नाही तर दुपारी हॉलवर ड्रोन येणार, मग सगळीकडे आधार कार्डवाला उभा राहणार, संध्याकाळी गाडी माणगावला निघणार आणि हेमालीच्या हाती जन्मभर तोच. तिला काही मागायला तोंड नव्हतं हे तिला माहीत होतं. ती तशीच खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबली आणि म्हणाली, ‘आजी, मी आत येत नाही. पण एक विचारते. हेमालीची वेणी काकांनी घातली तर चालेल?’

‘आता हिला बाप्या मानूस पायजे आत!’ ठमाबाईनं कपाळावर हात मारला. ‘काकन बांधलेल्या नवरीच्या खोलीत? बाय, तू आज घर बुडवूनच जानार कं?’ दोघीतिघी हसल्या, कुणी जिभेनं टचटच केलं. जागृती कंगवा हातात धरून गोंधळून उभी राहिली. हेमालीनं खाली मान घातली, आणि तिची ओली बट गालावरून पुढं आली ती तिनं मागं सारली नाही, आणि तेजस्वीला कळलं की हिला बोलता येत नाहीये. बोलली ती तुळशीकाकी. इतक्या वर्षांत तेजस्वीनं तिचा असा आवाज ऐकला नव्हता. ‘म्हातारे,’ ती ठमाबाईला म्हणाली, ‘मी टोपली घेऊन जायची तवा पोर झोपलेली असायची. परत यायची तवा शालेतनं आलेली असायची. माज्या हातची येक येनी न्हाय तिच्या डोक्यात. सगल्या त्यानं घातल्यात. आज ती क्लिपावाली घालनार, आनि तो मागं कांदे मोजत बसलाय.’ म्हणाली, आणि पदरानं नाक पुसून भाताकडे गेली, जणू काही बोललीच नाही.

ठमाबाईनं हेमालीच्या मनगटावरची गाठ चाचपली, पक्की आहे ना बघितल्यासारखी. मग म्हणाली, ‘उंबऱ्याच्या आत त्याचा पाय नको. पाट मागच्या दाराशी सरकवा. हात कुटवर पोचतो तो मी काय बगत न्हाय.’ आणि तेजस्वीकडे वळून, ‘आनि तू गो. आता काय सोडा-बांधा बोल्लीस तं याद राख.’ तेजस्वीला उडी मारावीशी वाटली. ती हसली, रडली, दोन्ही एकदम, नाक फुरफुरलं, आणि जागृतीच म्हणाली, ‘घालू देत हो, मी वरून गजरा माळीन, मस्त दिसेल.’

काकांना बोलवायला गेली तर ते आधी येईनात. मग विहिरीवर गेले आणि साबण लावून हात धुतले, नाकाशी नेऊन हुंगले, परत धुतले, परत हुंगले. ‘वास येतोय कं?’ त्यांनी तिला विचारलं, हात पुढं करून. येत होता. ‘नाही,’ ती म्हणाली. उंबऱ्याच्या अलीकडे, पडवीत, ते मांडी घालून बसले. पलीकडे पाटावर हेमाली, पाठमोरी, काकण बांधलेला हात मांडीवर. तेजस्वी मोरीच्या दगडावर, बाजूला, जिथून दोघंही दिसत होती आणि विहिरीकडचा पांढरा उजेड थेट त्या केसांवर पडत होता. तिनं डोळा लावला. काकांची बोटं केसांत शिरली आणि, काय सांगावं, खांदे कानाला लागलेच नाहीत! हातांना काम होतं ना. ते कॅमेरा विसरले, तिला विसरले, मांडव विसरले. ओठ किंचित पुढं आले, भुवया जुळल्या, मुळाशी केस धरून त्यांनी एक हिसका दिला आणि हेमाली कळवळली, ‘आई गं, बाबा, दुखतंय!’ ‘गप ऱ्हा,’ ते म्हणाले. खटक. खटक. हेमाली हसत होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, आणि तिला आपल्या मागचा चेहरा दिसत नव्हता. तो फक्त तेजस्वीला दिसत होता. एवढं मोठं काहीतरी एकट्या आपल्याच डोळ्यांत आलंय या विचारानं तिला धाप लागली, आनंदानं लागली, आणि तिला वाटलं, हात, आता तेवढा हलू नकोस बाबा.

वेणी कमरेखाली गेली. टोकाशी काकांनी दोन वळसे दिले, गाठ मारली, आणि वेणी पाठीवर थापून सवयीनं, अगदी बिनदिक्कत म्हणाले, ‘झालं. पल आता, गाडी चुकंल.’

सहा वर्षं रोज सकाळी ते हेच म्हणत असत, आणि हेमाली दप्तर उचलून पळत असे, तेजस्वीचा हात धरून, मागं न बघता. आज ती उठली नाही. आपण काय बोललो ते काकांना बोलून झाल्यावर कळलं. तेजस्वीला ते त्यांच्या चेहऱ्यावर येताना दिसलं, आधी डोळ्यांत, मग तोंडाशी. तिच्या बोटानं बटण दाबलं. मांडवाकडून कुणीतरी ओरडलं, ‘हिरामण, हॉलच्या गाड्या आल्या रं!’ आणि लगेच हॉर्न वाजला.

‘थांब,’ काका म्हणाले. ‘वरनं जरा ढिली ऱ्हायली.’

ढिली कुठं होती. तेजस्वी भिंगातून बघत होती, एकेक वळसा घट्ट होता. काकांनी टोकाची गाठ सोडली, खालपासून वरपर्यंत सगळी वेणी उलगडली, केस पाठीवर मोकळे केले. ठमाबाई बघत होती. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. काकांनी कंगवा घेतला आणि केसांचे परत तीन भाग केले.